फणसाचा उंचवटा

खोटं बोलणारी सून एक वेळ परवडली, पण पुन्हा पुन्हा विचारणारी नको, असं सुरंगाबाय सगळ्या खारभाटात सांगत फिरे. कुणी नुसतं "का गो?" म्हटलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुटे.

"कालवणात मीठ घातलंय म्हणान सांगलंय, तरी चाखून बघता. बरा, बघलंस एकदा, आता गप रव. नाय! भात वाढीसर परत चाखता. वर म्हणता काय, 'आई, मघाशी नीट ढवळलेलं नव्हतं.' अगो, माझ्या हाताक मीठ कळाक लागला तेव्हा हिचो बापूस रांगत होतो!"

सून म्हणजे शर्वरी, धाकट्या हर्षलची बायको. मंगळवेढ्याकडची. विहिरीला पाणी लागलं तर गावात पेढे वाटतात अशा मुलखात वाढलेली. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि आता तिची नोकरी काय, तर समुद्र तपासायची. सुरंगाबायला हा दैवाने केलेला विनोद वाटे. "घाटावरचा चेडू दर्याची नाडी बघता," ती म्हणे, "उद्या मांजर पापलेटाक पोवाक शिकयतला."

सुरंगाबाय स्वतः दुसरी शिकलेली. पण खारभाटच्या खाडीत तिच्या शब्दाबाहेर दोरी हलत नसे. नवरा वादळात गेला तेव्हा रडण्याचे दिवस आटोपून तिने वाडीतल्या बायका गोळा केल्या, बांबूचे तराफे बांधले, तराफ्यांवरून पाण्यात दोऱ्या सोडल्या आणि दोऱ्यांवर कालवं वाढवली. त्या कालवांवर वाडीतली घरं उभी राहिली, पोरं शिकली, हर्षलला बॅटरीवरची होडी आली. आणि मग कालवांनाच काहीतरी झालं. दोरीवर बी धरेना. धरलं तर कवच नखासारखं पातळ, बोटाने दाबलं की चुरा. कुणी म्हणालं नजर लागली. सुरंगाबायने देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा सांगितला. देवाने कोंबडा घेतला आणि कालवांकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या सुमाराला प्रकल्पवाले आले. त्यांच्याबरोबर शर्वरी होती, तेव्हा लग्न न झालेली. देवळाच्या सभामंडपात बायकांपुढे बसून तिने समजावलं होतं.

"हवेतला कर्बवायू समुद्र गिळतो. गाड्या, कारखाने, विमानं यांनी जो सोडला त्यातला बराच त्यानेच पोटात घेतला. पण पोटात गेलेल्या त्या वायूचं पाण्यात आम्ल होतं. तुम्हाला पित्त झालं की छातीत जळजळतं ना? तसं समुद्राला पित्त झालंय. त्या पित्तात कालवाला कवच बांधायला जड जातं."

"मगे दर्याक काय गोळी देतलंस?" सुरंगाबायने विचारलं होतं, आणि मंडप हसला होता.

"गोळी नाही मावशी, पूड. मॅग्नेशियमची. पित्तावर आपण पांढरं औषध पितो, त्याच जातीची. ती पाण्यात विरघळली की आम्ल मारते, आणि पाण्यातल्या वायूचा सोड्यासारखा क्षार होतो. तो क्षार हजारो वर्षं समुद्रात राहतो, परत हवेत जात नाही. आणि पाण्यात अशी जागा झाली की समुद्र हवेतून आणखी वायू ओढून घेतो. आम्हाला हवा आहे तो हा ओढलेला वायू. कालवांचं भलं झालं तर तो तुमचा फायदा."

वाडीतले पुरुष म्हणाले, कंपनी दर्याला चुना लावायला आलीय. पण जेटीवर टाकी बसली, ओहोटीच्या पाण्याबरोबर दुधासारखी पूड खाडीत जाऊ लागली, आणि वर्षाच्या आत कालवांची कवचं बशीसारखी वाजू लागली. टाकी सांभाळायचं काम हर्षलकडे आलं. टाकी सांभाळता सांभाळता त्याने टाकीची तपासनीसही सांभाळायला घेतली. सुरंगाबायने लग्नात तोंड वाकडं केलं, पण जेवणाची पंगत आडवी-तिडवी बसली तेव्हा स्वतः उठून सरळ केली.

आता दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि शर्वरीचा जीव टांगणीला लागला होता. कायदाच तसा झाला होता: ज्याने जितका वायू हवेत सोडला, तितका कुठेतरी हवेतून काढल्याचा दाखला त्याने दाखवायचा. असे दाखले देणाऱ्या प्रकल्पांचा सुळसुळाट झाला होता आणि निम्मे लबाड निघाले होते. त्यामुळे खारभाटचा दाखला खरा की खोटा हे पाहायला बाहेरचे परीक्षक महिनाअखेरीस बसणार होते. पटलं तर प्रकल्प चालू, नाही तर टाकीला कुलूप. टाकीला कुलूप म्हणजे कालवं परत नखासारखी.

"पण पूड किती घातली ता तुमका म्हायत असा मां?" सुरंगाबायने एका दुपारी सुनेला टोकलं. "मगे मोजतंस काय बसान?"

"पूड किती घातली हा प्रश्नच नाही आई. तिच्यामुळे हवेतून वायू किती आला, हा आहे. आणि तो आळशी आहे. पाण्यात जागा झाली तरी लगेच येत नाही, आठवडे लावतो. तोवर आपलं पाणी भरती-ओहोटीने गोव्याकडे गेलेलं असतं. म्हणजे बघा, पंगत वाढली आपल्या अंगणात, आणि जेवणारे आले तोवर पानं भलत्याच गावात. कोण जेवलं, किती जेवलं, कसं सांगू? गणिताने सांगते. पण गणित खरं आहे हे पाहिलंय कुणी?"

"मगे गणित कित्याक घालतंस? देवाक विचार."

"देवाने तुमचा कोंबडा खाल्ला," शर्वरी म्हणाली.

सुरंगाबायला हसू आलं. ते तिने पदरात दडवलं.

गणिताला एकच आधार होता. डोंगराच्या पलीकडे आडवेळची खाडी, खारभाटच्याच पाण्याची, पण तिथे पूड घातलेली नव्हती. दोन्हीकडे पिवळे बोये तरंगत होते आणि त्यांतली यंत्रं पाण्याची तब्येत सतत पाठवत होती. खारभाटचं पाणी सुधारलं आणि आडवेळचं होतं तसंच राहिलं, तर फरक पुडीचा. दोन्हीकडे सुधारलं, तर ते आपसूक होतंय, पुडीने काही केलं नाही. दिवाळीच्या आधीच्या वादळाने आडवेळच्या तोंडाशी वाळूचा बांध घातला आणि ती खाडी म्हणजे एक मोठं तळं होऊन बसली. शर्वरीने दुसरी खाडी मागितली. प्रकल्पप्रमुख नाडकर्णी म्हणाले, आता वेळ नाही.

मग एका संध्याकाळी ती घरी आली ती पडवीच्या पायरीवरच बसली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"काय झाला गो?"

"आडवेळचं पाणी सुधारतंय," शर्वरी म्हणाली. "हिवाळ्यापासून. मला वाटलं यंत्र बिघडलं. बदललं. नवीन यंत्र तेच सांगतंय. बाटलीत पाणी भरून आणलं, हाताने तपासलं. तेच. नाडकर्णीसाहेब म्हणतात, तोंड बंद झालेली खाडी, ती हिशेबातून काढून टाक. पण मला हवा तो आकडा आला नाही म्हणून खाडीच काढून टाकायची? तिथे काहीही घातलेलं नाही आणि पाणी सुधारतंय, म्हणजे आपल्याकडेही आपसूक सुधारलं असेल. म्हणजे आपण दोन वर्षं..."

सुरंगाबाय भाजी निवडत होती. आडवेळचं नाव ऐकून तिची मान ताठ झाली.

"सुधारतला नाय तर काय! माझा म्हायेर असा ता. तेका कोण वाली नाय असा वाटला तुका?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बाबल माझो भाव. तेच्या कालवांचा आमच्यासारखाच झालेला. टोपली भरान काय काय धाडता बिचारो. शेंगो धाडल्यान, काजी धाडल्यान, फणस धाडल्यान. रिकामी टोपली परत धाडूक माझा नाक कापलेला नाय. गोणी फाटान टाकीकडे पूड सांडता, ती हर्षल झाडून कोपऱ्यात लोटता. ती केळीच्या पानात बांधलंय आणि दिलंय टोपलीतसून. म्हटलंय, घे बाबल, दर्याच्या पित्ताचा औषध. आपल्या खाडयेत घाल."

शर्वरीने विचारलं, "कुठे घातली त्यांनी?"

"बोयाकडे. होडी बांधाक तो बोया बरो, म्हणता."

हर्षल आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. तो दारातच थिजला.

सुरंगाबायला वाटलं होतं, सून एकदा तरी म्हणेल की आई, मन मोठं तुमचं. शर्वरी उभी राहिली आणि तिचा आवाज कधी नव्हता तसा चढला. "बंद तोंडाचं पाणी आहे ते! वाहून जात नाही. एका जागी जास्त पडली असती तर बारके मासे मेले असते, मामांची कालवंही. मी वर्षभर जगाला सांगतेय की तिथे काही घातलेलं नाही. मला एका शब्दाने विचारायचं तरी!"

"तुका विचारूचा? माझ्या भावाक काय देवचा ता तुका विचारूचा?"

"हो!"

सुरंगाबायला असं 'हो' या घरात कुणी म्हटलेलं नव्हतं. ती भाजीची परात घेऊन आत गेली आणि चुलीशी बसून भांडी नको इतकी आपटली.

सकाळी मात्र शर्वरी तिच्यापुढे येऊन बसली, हातात टॅबचा पडदा. रडलेली दिसत होती, पण डोळे वेगळेच चमकत होते.

"आई, शेंगा कधी आल्या होत्या?"

"माका काय ठाव! तुळशीच्या लग्नानंतर."

"हे बघा." पडद्यावर आडवेळच्या पाण्याची रेघ होती. लांब, सपाट, आणि मधेमधे टेकड्यांसारखी वर आलेली. "मी इतके दिवस महिन्यांची सरासरी बघत होते. रोजचं बघितलंच नाही. ही पहिली टेकडी शेंगांची. ही?"

सुरंगाबाय रुसलेली होती, पण ती रेघ बघून तिची मान आपोआप पुढे आली. "ती काजींची. होळयेच्या आदी."

"आणि हा मोठा उंचवटा?"

"तो फणसाचो! बाबलान बरको नाय, चांगलो कापो फणस धाडल्यान. मगे मी टोपली उतू जाईसर भरलंय."

शर्वरी हसली. कितीतरी दिवसांनी. "आई, हा उंचवटा वर चढतो तो पुडीने. पित्त कमी झालं. ते आपल्या खाडीतही दिसतं. पण इथे बघा, तो हळूहळू खाली उतरतोय. पाणी तर कुठे गेलेलं नाही, बांध आहे. पुडीचा क्षार तसाच आहे, तो मी तपासला. मग उतरतो का? कारण हवेतून वायू पाण्यात आला. जेवणारे आले, आई! आपल्याच अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत. आपल्या खाडीत हे कधीच दिसलं नसतं, पाणी थांबतच नाही."

मग तिने सुरंगाबायला टाकीकडे नेलं आणि शेंगांच्या वेळची, काजूंच्या वेळची, फणसाच्या वेळची टोपली जशी भरली होती तशी पुन्हा भरायला लावून प्रत्येक तोलून घेतली. आडवेळला बाबलने होडी बोयाला बांधून, पूड कशी ओतली ते दाखवलं. दाखवता दाखवता कानाला हात लावून म्हणाला, "बाये, तुझी सून पोलिसात होती काय गो?"

"पोलीस परवडलो," सुरंगाबाय म्हणाली. "तो एकदाच विचारता."

हिशेब जुळला, पण सगळा गोड नव्हता. वायू खरंच येत होता, मात्र गणित सांगत होतं त्यापेक्षा कमी. काही पूड न विरघळता तळाच्या चिखलात बसत होती. शिवाय कालवं जोमाने कवच बांधतात तेव्हा पाण्यातला क्षारच वापरतात आणि थोडा वायू परत सोडतात. तेही वजा करायला हवं होतं.

"म्हणजे माझी कालवां चोर?" सुरंगाबायने विचारलं.

"चोर नाहीत. जेवतात, म्हणून मोजायची."

परीक्षकांच्या आदल्या दिवशी नाडकर्णी स्वतः आले. चहा घेतला, सुरंगाबायच्या पाया पडले आणि शर्वरीला म्हणाले, "टेकड्या दाखवू आपण. उत्तमच आहेत. पण टोपल्यांचं कशाला? ठरवून केलेली चाचणी होती असं म्हणू. आणि तो कमी आलेला आकडा पुढच्या वर्षी हळूच दुरुस्त करू."

हर्षलनेही बायकोला बाजूला घेतलं. "शर्वरी, आयेचं नाव नको गं त्यात. सगळं जग ऐकणार."

शर्वरीने दोघांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात, पडद्यावरच्या पाच-सहा अनोळखी चेहऱ्यांपुढे, पहिल्याच वाक्यात सांगितलं: आमची तुलनेची खाडी शुद्ध राहिली नाही, माझ्या सासूबाई सुरंगाबाय मोंडकर यांनी भावाच्या टोपलीतून तिथे पूड पाठवली, मला ते कळलं नाही, ही माझी चूक. नंतर टेकड्या दाखवल्या. मग आपलाच मागच्या वर्षीचा आकडा खोडून लहान आकडा लिहिला. नाडकर्णी छताकडे बघत होते.

सुरंगाबाय पुढच्याच बाकावर होती. आपलं नाव परक्या तोंडांतून फिरताना ऐकून तिची कानशिलं तापली. पडद्यावरच्या एका पिकल्या केसांच्या बाईने काहीतरी विचारलं आणि शर्वरीने वळून मराठीत सांगितलं, "त्या विचारतात, टोपली रिकामी का पाठवत नाहीत?"

"तेंका विचार," सुरंगाबाय ताडकन म्हणाली, "तेंच्याकडे धाडतत?"

ते उत्तर तिकडे पोचलं तेव्हा सगळे चेहरे हसले. पण परीक्षकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इतका स्पष्ट पुरावा आम्ही पाहिलेला नाही, ते म्हणाले. लहान आकडा मान्य. प्रकल्प चालू ठेवता येईल. मात्र एकदा हेच नीट करून दाखवा: येतं वर्षभर आडवेळला मोजून पूड घाला, आणि खारभाटला एक कणही नको, म्हणजे तुलना स्वच्छ राहील.

"हे मला ठरवता येणार नाही," शर्वरी म्हणाली. "गावाला विचारावं लागेल."

तिसऱ्या प्रहरी जेटीवर बायका जमल्या. कुणी टोपल्या उलट्या करून त्यांवर बसलं, कुणी टाकीला टेकून उभं राहिलं. तक्रार एकच होती, दहा तोंडांची. आडवेळवाल्यांनी खायचं आणि आम्ही उपाशी? चूक सुरंगेची, शिक्षा आमकां? पार्वतीकाकी तर म्हणाली, सुरंगेन म्हायेराक औषध धाडल्यान, आता सुनेन टाकीच धाडल्यान.

सुरंगाबायने हात वर केला तेव्हा गलका थांबला. तराफे समोरच होते. त्यांत सगळ्यात मोठा तिचा. ती नाडकर्णींकडे वळली.

"वरसभर औषध नाय, तर कालवां मरतली?"

"मुळीच नाही मावशी!" नाडकर्णी म्हणाले. "काही होणार नाही. मी शब्द देतो."

"आणि तू काय म्हणतंस गो?"

सगळ्या बायका शर्वरीकडे बघत होत्या. हर्षलने डोळ्यांनी विनवलं.

"मोठी कालवं तगतील असं मला वाटतं," ती म्हणाली. "नवं बी कमी धरेल. काही नक्की मरतील. किती, ते मला माहीत नाही आई. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. पण एक वर्ष नीट मोजलं, तर पुढे ही टाकी कुणाला बंद करता येणार नाही. इथली नाही आणि दुसऱ्या खाड्यांतलीही नाही. हे मात्र मला माहीत आहे."

भरतीचं पाणी जेटीच्या खांबांवर चढत होतं. सुरंगाबाय कमरेवर हात ठेवून सुनेपुढे येऊन उभी राहिली. तिची उंची शर्वरीच्या खांद्यापर्यंत होती, पण तसं कुणाला कधी वाटलं नव्हतं.

"आयक," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सून म्हणान तू वायट. सासयेचा नाव साता समुद्रापलीकडे घालवलंस, आणि आता तिचीच कालवां उपाशी ठेवतलंस. ह्या नाडकर्ण्यासारख्या गोड बोलाक तुका जल्मात जमूचा नाय. पण मी इतकी वर्सां ह्या खाडयेत काढलंय, आणि 'माका ठाव नाय' ह्या चार माणसांत म्हणाक माका कदी जमला नाय. तुका जमला. उद्यापासून टाकी बंद. आणि मी मेल्यार ह्या खाडयेत शब्द तुझोच चलतलो. तवसर मातर माझोच चलतलो, ता इसरू नको."